आईचं माहेर पोलंड, मावशी एकटी उरली, १ नोव्हेंबरले ये म्हणून राहिली

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यावरून लिहून राहिलो. माझी आई पोलंडची. बाबा वूच शहरात कापडाचं इंजिनिअरिंग शिकायले गेले, तिथंच लग्न झालं आणि १९८० मध्ये आई इकडे आली ती इथलीच झाली, शेवटी शेवटी तर शेजारणींशी वऱ्हाडीतच भांडे. १९८१ च्या डिसेंबरात तिकडे मार्शल लॉ लागला, तेव्हाची आजीची पत्रं अजून पेटीत आहेत, पाकिटावर शिक्का आहे 'ओत्सेन्झुरोवानो', म्हणजे सेन्सॉर केलेलं. आई त्या शिक्क्यावर बोट ठेवून सांगे, माझ्या मायचं पत्र आधी सरकारनं वाचलं, मग मी.

आई दोन वर्षांआधी गेली. तिची लहान बहीण वूचजवळच्या खेड्यात एकटी राहते, मूलबाळ नाही. दर रविवारी आपले साडेआठ वाजले की तिकडे पाच, तेव्हा तिचा व्हॉट्सॲप कॉल येते. माझं पोलिश लेकराएवढं, मुलगी मोबाईलवर भाषांतर करून दाखवते तेव्हा कुठं गाडी पुढे जाते. आता ती म्हणते आजी-आजोबांच्या कबरीचे पैसे यंदा भरायचे आहेत. तिकडे कबरीची जागा वीस वर्षांसाठी असते म्हणे, पुन्हा भरले नाही तर दुसऱ्याले देऊ शकतात. पैसे मागत नाही हो ती. तिच्यामागं कबर कुठं आहे हे कोणाले तरी माहीत पाहिजे, एवढंच म्हणते.

मी १९९० मध्ये सात वर्षांचा असताना एकदाच गेलो होतो. यंदा जावं वाटते पण नेमके कापूस वेचणीचे दिवस, अन् तिथं सगळ्यांत परक्यासारखं बसून राहीन याची भीती वाटते. काय न्यावं, कसं करावं, सांगा.

— कपाशीवाला

---

दादा, मी अमरावतीची, सहा वर्षं व्रोत्स्वाफला आहे. १ नोव्हेंबरलाच जा, तारीख बदलू नका. त्या दिवशी अख्खं पोलंड आपापल्या गावी कबरींवर जातं, काचेच्या भांड्यातले दिवे लावतात, त्यांना झ्निच म्हणतात, संध्याकाळी सगळी दफनभूमी लालपिवळी दिसते, मला पहिल्या वर्षी आपली दिवाळी आठवून रडूच आलं होतं. तुमचे जे कोणी चुलत-मावस असतील ते तिथंच भेटतील, घरोघर फिरायची गरज नाही.

एक लक्षात ठेवा, शेवंती तिकडे कबरीवर वाहतात. आपण दिवाळीला शेवंतीच्या माळा लावतो तशी मावशीच्या घरी घेऊन जाऊ नका, दुसरी कोणतीही फुलं न्या आणि विषम संख्येत न्या. मावशीला चोचा म्हणतात पण हाक मारताना चोचू, आईनं शिकवलं असेलच. नॉनव्हेज खात नसाल तर आधीच सांगा, बटाटा-पनीरचे पिएरोगी करेल, दिसायला आपली करंजीच. आणि सव्वाचारनंतर अंधार पडायला लागतो, गरम कपडे चांगले घ्या.

— वैदर्भीय_व्रोत्स्वाफ

---

कागदांचं बोलतो. शेंगेन व्हिसावर, म्हणजे पोलंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, मावशीचं निमंत्रण जोडा. तुमच्या जन्माच्या वेळी आई पोलिश नागरिक असेल, तर १९६२ च्या त्यांच्या कायद्यानं तुम्ही जन्मतःच पोलिश नागरिक असू शकता, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय त्या भानगडीत अर्ज टाकू नका. आईच्या नावाचं तेवढं बघा. माझ्या आजीचं लग्नात नाव बदललं होतं आणि दाखल्यावर सासरचंच लागलं, ते जुळवायला मला आठ महिने चकरा माराव्या लागल्या. तुमच्या जन्मदाखल्यावर आईचं पोलिश नाव आहे का ते आजच काढून पाहा.

— दाखलेवाले_काका

---

भाऊ, वेचणीचं टेन्शन घेऊ नको, दहा-बारा दिवसांत काही बुडत नाही, मजूर आधीच सांगून ठेव. आईच्या पेटीतले जुने फोटो सोबत ने आणि मावशीजवळ बसून प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं नाव लिहून घे. माझी आत्या गेली तेव्हा चाळीस फोटो हाती आले, त्यातली सहाच माणसं ओळखू आली, त्याची हळहळ आजही आहे.

— पांढरं_सोनं

---

सगळ्यांचे लय आभार. दाखला काढला, आईचं नाव 'सुमन' लिहिलेलं आहे, म्हणजे काका म्हणाले तेच झालं, उद्या तहसीलले जातो. वेचणी साळा पाहून घेते. ताई, आई दर २४ डिसेंबरले एक ताट जास्तीचं मांडे, आम्हाले वाटे पितरांचं आहे, मावशीनं सांगितलं ते अचानक आलेल्या पाहुण्याचं असते. आईनं घरच्या कापसाच्या वळलेल्या वाती डब्यात आहेत, त्या नेतो, आजीच्या कबरीवर लावीन.

काल मावशीले सांगितलं येतो म्हणून. थोडा वेळ काही बोललीच नाही, मंग विचारलं, पायाचा नंबर काय? घरात घालायच्या चपला घेऊन ठेवते म्हणे.

— कपाशीवाला