मदत हवी आहे : हार्टच्या ऑपरेशननंतर बाळाला लघवी होत नाही, पोटातून डायलिसिस म्हणतायत, सही करू का?

सायली_पी : हार्टचं ऑपरेशन नीट झालं म्हणाले. आता लघवी होत नाहीये, पोटात नळी घालून डायलिसिस करायचंय म्हणून सही मागतायत. किडनी कायमची गेली का? सासूबाई नको म्हणतायत. लवकर सांगा!!

वऱ्हाडी : अहो, बाळ केवढं? वजन? ऑपरेशन कसलं? लघवी बंद की कमी?

सायली_पी : 8 महिन्यांची मुलगी, 6 किलो. हृदयाला भोक होतं. नळीत गडद पिवळी दिसते, पिशवीत जेमतेम.

भटक्या७ : आमच्या पुतण्याला लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) चालू केलं, धो धो लघवी झाली. आधी तेच मागा.

आयसीयू_सिस्टर : दिलं असणारच. लॅसिक्सने पाणी निघतं, किडनी वाचत नाही. 6 किलोला तासाला साधारण 6 मिली लघवी हवी. सलग 6 तास 3 मिलीच्या खाली राहिली तर किडनीला मार बसलाय असं धरतात. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा, किडनी बिघडली की वाढतो) किती? आधीचं आणि आजचं.

सायली_पी : 0.3 होतं, आज 0.8. रिपोर्टवर नॉर्मलच लिहिलंय!

आयसीयू_सिस्टर : ती मोठ्यांची रेंज. हिचं दुपटीच्या वर गेलंय. ऑपरेशनवेळी हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर किडनीला रक्त कमी पडतं, तांबड्या पेशी फुटतात, त्याचा हा परिणाम. बहुतेक बाळांची किडनी काही दिवसांत सावरते. तोवर साचलेलं पाणी आणि पोटॅशियम पोटातल्या पडद्यातून काढतात. एवढ्याशा जिवाला रक्ताच्या डायलिसिसपेक्षा हे झेपतं.

माईचा_बटवा : शहाळ्याचं पाणी चमचा चमचा द्या, लघवी सुटते.

वऱ्हाडी : अजिबात नको! शहाळ्यात पोटॅशियम असतं, ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

माईचा_बटवा : आमची चार मुलं त्यावरच वाढली.

वऱ्हाडी : त्यांची हार्ट सर्जरी झाली होती का?

गावकरी_२२ : महात्मा फुले योजनेत नाव घातलंय ना? रेशन कार्ड लागेल.

भटक्या७ : सिस्टर, तुम्ही डॉक्टर आहात का?

आयसीयू_सिस्टर : नाही, म्हणून सायलीने डॉक्टरांनाच विचारावं : अमिकासिन, व्हॅन्कोमायसिन (किडनीला त्रास देऊ शकणारी अँटिबायोटिक्स) चालू आहे का, डोस किडनी बघून ठरवलाय का? तापाला आयबुप्रोफेन नको, तेही किडनीला त्रास देतं. पण सही लांबवू नका, अंगात पाणी साचलं की व्हेंटिलेटर सुटायला वेळ लागतो.

सायली_पी : सही केली. नळी घालतायत. माझं दूध काढून ठेवू?

आयसीयू_सिस्टर : हो, काढत राहा, फ्रीजबद्दल वॉर्डात विचारा. डायलिसिसचं पाणी पोटात सोडलं की पोट फुगलेलं दिसेल, घाबरू नका. आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या : 3 महिन्यांनी क्रिएटिनिन, बीपी, लघवीतलं प्रोटीन.