मदत हवी आहे : पहाटेच्या थंडीत रीसेट होणारा सौर डेटा लॉगर, सेल नुसता गारठतो आहे की कायमचा बिघडला आहे?

नमस्कार,

हवेचे तापमान, आर्द्रता आणि मातीतील ओलावा नोंदवणाऱ्या सौर डेटा लॉगरची हिवाळी चाचणी सध्या उघड्यावर चालू आहे. १ वॅटचे पॅनेल, टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल, २६०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा एक १८६५० लिथियम-आयन सेल आणि दर सहा तासांनी मोबाइल नेटवर्कवरून नोंदी पाठवणारा जीएसएम मोडेम अशी जुळणी आहे. रात्री तापमान उणे ८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते.

दुपारी आणि संध्याकाळी सारे सुरळीत चालते; पहाटे ५ च्या सुमारास मात्र मोडेम नेटवर्क शोधू लागला की यंत्र रीसेट होते. मेमरी कार्डवरील त्या वेळच्या ओळीत दिनांक आणि वेळ पूर्ण उमटलेली असते, तापमानाच्या रकान्यात नुसते उणे चिन्ह असते आणि पुढे काहीच नसते. त्याआधीच्या नोंदीत सेलचा व्होल्टेज ३.९ दिसतो आणि दिवसाचा एकूण वापर २५ मिलिअँपिअर-तासांच्या आत आहे. तेव्हा साठा संपला, असे म्हणता येत नाही.

माझा संशय सेलच्या अंतर्गत रोधावर, म्हणजे सेलच्या आतूनच प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यावर आहे. मोडेम प्रक्षेपणाच्या क्षणी २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो, आणि थंडीने वाढलेला रोध ०.३ ओहम धरला तरी ०.६ व्होल्टची घट होते. हा झटका जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाचा असल्याने मल्टिमीटरवर दिसत नाही. झटक्यापुरता प्रवाह पुरवायला मोठा कपॅसिटर लावण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो, पण साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा स्वतःचा रोधही थंडीत बराच वाढतो, त्यामुळे त्यावर विसंबावेसे वाटत नाही.

खरी चिंता वेगळीच आहे. सकाळचे ऊन पॅनेलवर पडते तेव्हा डब्यातील सेल अजून शून्याखालीच असतो, आणि अशा स्थितीत चार्जिंग झाल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून क्षमता कायमची घटते. सर्रास मिळणाऱ्या टीपी४०५६ मॉड्यूलवर तापमानाची पिन ग्राउंडला जोडलेली असते, त्यामुळे चार्जिंग आपोआप थांबत नाही. (फ्रीजरमधील चाचणीत हे कधीच उघड होत नाही, तिथे सेल गार असतो, पण ऊन नसते.)

सेल २० अंशांवर आणून सावकाश डिस्चार्ज केल्यास क्षमतेतील घटीवरून हे नुकसान खात्रीने ओळखता येईल का, की त्याच तापमानाला अंतर्गत रोधही मोजावा लागेल? दुसरे असे, की सेलला थर्मिस्टर (तापमान जाणणारा घटक) चिकटवून शून्याखाली चार्जिंग तोडले, तर हिवाळ्यातील तोकड्या उन्हाचे मोजके तासच हाती उरतात. अशा ठिकाणी लिथियम टायटॅनेट सेल कोणी प्रत्यक्ष वापरले आहेत का? ते शून्याखालीही चार्ज होतात, मात्र एका सेलचा व्होल्टेज २.४ असल्याने दोन सेल एकसर जोडणीत घ्यावे लागतील आणि चार्जरही बदलावा लागेल. मोडेमच्या झटक्याला ते उणे तापमानात कितपत टिकतात, हे मोजून पाहिलेल्यांनी कृपया आकड्यांसह सांगावे.