मदत हवी आहे : मुंबईच्या आकाशातून ईटा अक्विलीचं प्रकाशमापन

भांडुपच्या गच्चीवरून गरुड तारकासमूहातल्या ईटा या सेफिड (ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्याचा प्रकाशवक्र, म्हणजे तेज-बदलाचा आलेख, काढतोय. तारा साधारण 3.5 ते 4.4 प्रतीमध्ये (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) स्पंदन करतो, आवर्तन 7.18 दिवसांचं. म्हणून फक्त शनिवारी बघून भागत नाही, दर आठवड्याला जवळपास तीच अवस्था पुन्हा समोर येते. मधल्या वारीही गच्चीवर जातोच.

साधनं : डीएसएलआर, 50 मिमी लेन्स, ट्रायपॉड. ट्रॅकिंग नाही. प्रत्येकी 5 सेकंदांचे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो, फोकस किंचित सैल, मोजणी फक्त हिरव्या चॅनलवर. डार्क (लेन्स झाकून घेतलेले फोटो) वजा आणि फ्लॅटने (एकसारख्या उजेडाचे फोटो) भागाकार करून झालेत, बरेच फोटो एकत्रही करून पाहिले. तरी एकाच संध्याकाळच्या मोजण्यांत 0.15 प्रतीपर्यंत फरक येतो, आणि तारा पश्चिमेला उतरू लागला की तो वाढतो. तिकडचं धुरकट, दिव्यांनी उजळलेलं आकाश कारण असावं असं वाटतं.

तुलनेला याच तारकासमूहातले बीटा (प्रत 3.7) आणि आयोटा (4.4) हे तारे घेतो. आयोटा ईटाच्या थोडा अधिक जवळ आहे, पण निळा. बीटाचा रंग बराच जुळतो, पण तो पाचेक अंश उत्तरेला. दोघांवरून येणारी उत्तरं जुळत नाहीत.

दर वेळी वांगणीला, शहराबाहेरच्या अंधाऱ्या आकाशाखाली, जाणं शक्य नाही, नवीन दुर्बीणही सध्या नको. शहरातून असं काम केलेल्यांनी सांगावं : रंगाची दुरुस्ती आधी करू की उंचीनुसार प्रकाश घटण्याची? आणि क्षितिजापासून किती अंशांखालची मोजणी सरळ सोडून द्यावी?