जॅनिसच्या टेपमधला टाइपरायटर पुसायचा का?

टेपवेडा
काल एका मित्राने अमेरिकन रॉक-ब्लूज गायिका जॅनिस जॉप्लिनच्या १९६४ च्या टेपची फाइल पाठवली. वर प्रेमाने, 'घे, स्वच्छ करून दिलीये.' स्वच्छ म्हणजे सॉफ्टवेअर लावून टाइपरायटर गायब! ऐकून डोकंच फिरलं, म्हणून हा धागा.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: २५ जून १९६४, कॅलिफोर्नियातलं सांता क्लारा. टेक्सासातल्या पोर्ट आर्थरची जॅनिस २१ वर्षांची, तिला फारसं कुणी ओळखत नाही. गिटारवर योर्मा कौकोनन. त्यालाही नाही, कारण त्याचा पुढे गाजलेला बँड, जेफरसन एअरप्लेन, अजून जन्माला यायचाय. त्याच्या घरी दोघांची तालीम चाललीये, स्पूल फिरतंय आणि योर्माची बायको मार्गारेटा तिथेच बसून माहेरी स्वीडनला पत्र टाइप करतेय. सहा गाणी. चोरट्या प्रतींतून टेप वर्षानुवर्षं फिरली, 'टाइपरायटर टेप' हेच नाव पडलं. रीतसर अख्खी बाहेर आली ती थेट २०२२ मध्ये.

'ट्रबल इन माइंड' ऐका. जॅनिस ओळ लांबवते आणि मागे खट-खट-खट. लयीला अजिबात जुमानत नाही. मध्येच योगायोगाने ठेक्यात येते, पुन्हा सुटते. मार्गारेटाच्या लेखी घरात कुणीतरी गातंय, एवढंच, पत्र आधी. तीन वर्षांनी माँटेरेच्या संगीत महोत्सवात हजारो लोक याच जॅनिसकडे आ वासून बघणार होते. ती खटखट काढलीत की उरतो एक बरा डेमो.

अडगळ
असहमत. खटखटीचं काव्य तुम्ही करताय, जॅनिस नाही. ती गात होती, टाइपरायटरशी जुगलबंदी करत नव्हती. मला गाणं ऐकायचंय.

आणि खरं सांगू? ही टेप एवढी डोक्यावर घेण्यासारखी नाही. टेपमधलं 'नोबडी नोज यू' ब्लूज गायिका बेसी स्मिथने १९२९ मध्येच गाऊन ठेवलंय, ही पोर तिचीच वही गिरवतेय. माझी जॅनिस पुढची, 'बॉल अँड चेन' गळा फाडून गाणारी.

टेपवेडा
गिरवतेय हे मान्य. पण १९६६ मध्ये बिग ब्रदर या बँडबरोबर उभी राहिल्यावर तिला दोन इलेक्ट्रिक गिटारींच्या वर आवाज काढावा लागला. इथे बोटांनी छेडलेली एकच गिटार आहे, ओरडायची गरजच नाही. ती जॅनिस पुन्हा फार थोडी भेटते.

शून्य डेसिबल
धंद्याने साउंडवाला आहे म्हणून दोन शब्द. टाइपरायटरचा आवाज पंख्यासारखा सलग नसतो, टोकदार असतो. बोटाने तार सुटतानाचा 'टक्'ही तसाच टोकदार. सॉफ्टवेअरला त्यात कुठला योर्मा आणि कुठली मार्गारेटा ते धड कळत नाही. सफाई थोडी जरी जास्त झाली की गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी येते आणि शब्दांतले 'ट' आणि 'क' बोथट होतात. टेपवेड्यांच्या मित्राची फाइल ऐकलेली नाही, पण असंच झालं असणार.

तरी साफ करायलाच नको असं मी म्हणणार नाही. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवा, शेजारी साफ केलेली ठेवा, नाव देताना लबाडी करू नका.

सुरंगी
पुसण्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारतच नाहीये. ही तालीम होती. जॅनिस ४ ऑक्टोबर १९७० ला २७ व्या वर्षी गेली. तिला कुणी विचारलं?

तिच्या शेवटच्या 'पर्ल' अल्बममधलं 'बरीड अलाइव्ह इन द ब्लूज' आठवा. वाद्यं वाजवून झाली होती, गायच्या आधीच ती गेली. निर्माता पॉल रॉथचाइल्डने ते गाण्याविना तसंच अल्बममध्ये ठेवलं. रिकामी जागा रिकामी. उलट तिच्या १९६५ च्या एकटीच्या टेपांवर बिग ब्रदरच्या जेम्स गर्लीने कितीतरी वर्षांनी बँडची साथ चढवली आणि १९९५ मध्ये अल्बम काढला. पुसणं काय नि चढवणं काय, जात एकच.

अडगळ
गर्ली तिच्याच बँडचा गिटारवाला हो! त्याला हक्क नाही तर मग कुणाला? आणि न विचारता छापू नये म्हणालात तर अर्धी कपाटं बंद करावी लागतील.

सुरंगी
करा की.

मुक्काम सनीव्हेल
अवांतर. सांता क्लारा माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तेव्हा या खोऱ्यात जर्दाळू आणि आलुबुखाऱ्याच्या बागा होत्या, आता चिपवाल्यांची ऑफिसं आणि आम्ही. टाइपरायटर राहू द्या, या बाजूने माझं एक मत धरा. चालू द्या.

नुसतं ऐकतो
तुमच्या वादात बेसीचं नाव आलं म्हणून लिहितोय. ती १९१२ पासून फिरत्या कंपन्यांत गात होती. पहिली रेकॉर्ड १९२३ ची. मधल्या अकरा वर्षांतली बेसी आपल्याकडे सेकंदभरही नाही. घरात टेपरेकॉर्डर असलेला मित्र तिच्या नशिबी कुठून असणार? १९३७ मध्ये गेली, थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो बसला ऑगस्ट १९७० मध्ये, आणि पैसे देणाऱ्यांत जॅनिस होती. दोन महिन्यांत तीच गेली.

म्हणून सुरंगीताई, मला तुमचं पटत नाही. त्या अकरा वर्षांतली बेसीची तालीम कुणी चोरून जरी टिपली असती, तरी मी ऐकली असती. मागे कुणी भांडी घासत असतं तरी चाललं असतं.

सुरंगी
ऐकली मीही असती. म्हणून ते बरोबर ठरत नाही.

अडगळ
बरं, मूळ कुठे मिळेल? दोन्ही शेजारी लावून ऐकतो. मत बदलणार नाही बहुधा.

टेपवेडा
२०२२ चीच घ्या. विकत. हेडफोन लावून.