बाहेरच्या कलाकारांना गेममध्ये टोप्या विकू द्याव्यात का?

रानजाई: परवा भाच्याने चारशे रुपयांची टोपी घेतली, तीही गेममधल्या माणसासाठी. ताई भडकली. मी मात्र ती बनवली कोणी हे शोधत बसलो. त्या 'टीम फोर्ट्रेस 2' गेमला 2011पासून वर्कशॉप आहे. बाहेरचा थ्रीडी आर्टिस्ट टोपी बनवून पाठवतो, गेमची कंपनी व्हॉल्व्हने निवडली की ती दुकानात लागते आणि विक्रीतले 25 टक्के त्याला मिळतात. वर्कशॉपच्याही आधी, 2010मध्ये, पहिल्या पाच जणांना दोन आठवड्यांच्या विक्रीवर प्रत्येकी 39 ते 47 हजार डॉलर मिळाले होते! टोपीने नेम सुधारत नाही, मग कोणाचं काय बिघडतं? सगळ्याच गेममध्ये हे असावं असं माझं मत.

खडूस_काका: पहिल्या पाचांचंच सांगताय. लॉटरीच्या दुकानावर पण जिंकलेल्यांचेच फोटो असतात. आणि घाम एकाचा नि 75 टक्के दुसऱ्याला, हा कुठला हिशेब?

टॉर्च_लाव: काका, गेम त्यांचा, सर्व्हर त्यांचे, गिऱ्हाईक त्यांचं. भर पेठेत गाळा घेतला तर भाडं द्याल ना?

खडूस_काका: भाडं देईन, गल्ला नाही देणार.

चिमणराव_पुन्हा: मला चोरीची भीती जास्त वाटते. काउंटर-स्ट्राइक गेममधली 'हाउल' स्किन, म्हणजे बंदुकीवर चढवायचं चित्र, आठवते? मे 2014मध्ये 'हन्ट्समन केस' नावाच्या पेटीतून आली, बंदुकीवर डरकाळी फोडणारा लांडगा. दीड महिन्याच्या आत कळलं की चित्र दुसऱ्याच कोणाचं होतं. बनवणाऱ्यांवर बंदी आली, चित्र बदललं, स्किन केसमधून काढली. पण ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडे राहिली, 'कॉन्ट्राबँड' म्हणजे निषिद्ध माल असा शिक्का बसला आणि भाव आभाळाला भिडला. म्हणजे चोरी पकडल्यामुळेच माल महाग झाला! शिवाय तिथे तेव्हा स्किन कंपनीच्या दुकानात सरळ विकत मिळत नव्हती, किल्ली घेऊन पेटी उघडायची आणि नशीब बघायचं. बेल्जियमने 2018मध्ये असल्या पेट्यांना जुगार ठरवलं ते उगाच नाही.

सुईदोरा: पेट्या बंद करा, माझी ना नाही. पण सरळ विक्री राहू द्या, मी हेच काम करते. एका तलवारीला तीन आठवडे जातात: आधी बारीक नक्षीचं जड मॉडेल, मग तेच हलकं करायचं, यूव्ही उलगडायचे, म्हणजे रंगवण्यासाठी त्याचा पृष्ठभाग कागदासारखा सपाट पसरायचा, शेवटी रंग. डोटा 2 या गेममध्ये तर पात्राचा वरचा भाग उजळ नि पायाकडे गडद ठेवावा लागतो, म्हणजे गर्दीतही डोकं आधी दिसतं. एवढं करून माझ्या सहा वस्तूंपैकी एक लागली. त्या एकीच्या पैशांत सहांची मजुरी काढते. 25 टक्के मला कमीच वाटतात, पण 'छंद आहे ना, फुकट दे' म्हणणाऱ्यांचा राग जास्त येतो.

टॉर्च_लाव: स्कायरिम या गेमला तेच झालं. 2015च्या एप्रिलमध्ये मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेली गेममधली भर, विकायला सुरुवात केली, बनवणाऱ्याला 25 टक्केच, आणि आठवड्याच्या आत गुंडाळलं. आधी तीन वर्षांहून जास्त सगळं फुकट मिळत होतं ना!

सुईदोरा: फुकट द्यायचं की विकायचं हे बनवणाऱ्याने ठरवावं. आमच्याकडे रांगोळी काढणारीला पण लोक विचारतात, 'याचे पैसे घेता?'

खडूस_काका: सुईदोरा, तुमच्यापुरतं मत बदललं. गल्ल्याबद्दलचं नाही.

चिमणराव_पुन्हा: धागाकर्ते, ताईंचा राग शमला का?

रानजाई: तिला वाचून दाखवलं सगळं. म्हणाली, "म्हणजे टोपीवाल्याला शंभरच? मग माझ्या उरलेल्या तीनशेचं काय ते बोल."