ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बाईच्या लोहगोळ्या: मदत हवी आहे

राम राम मंडळी. मी शहाद्याकडचा. आमच्या सालदाराची सून गरोदर आहे, पाचवा लागलाय. माणसं धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरची, दिवाळी झाली की टोळीबरोबर गुजरातेत बारडोलीकडे ऊस तोडायला जातील. पाड्यापासून आरोग्य केंद्र लांब, फडावर तर विचारणारंच कोणी नाही.

आशाताईंनी लाल गोळ्या दिल्या होत्या, रोज एक. पोरीला मळमळ झाली, शी काळी झाली. सासू म्हणाली, "रक्त जळतंय." झालं, गोळ्या कोनाड्यात. मग बाजारच्या दिवशी मेडिकलवाल्यानं ताकदीच्या पावडरचा महागडा डबा गळ्यात मारला. मजुरी त्यातच गेली. कॅल्शियमची गोळी ती चहासोबत घेते.

त्यात सिकलसेलच्या (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणीत ती वाहक निघाली, म्हणजे तिला आजार नाही, पण तो पोरांत उतरू शकतो. गावात म्हणतात, सिकलसेलवाल्याला लोह चालत नाही. खरं का? आणि फडावर गोळ्या पुरवायच्या कशा? कोणी जाणकार असतील तर सांगा. फक्त "पौष्टिक खा" म्हणू नका, तिथं मक्याची भाकर न ठेचा असतो.

प्रतिसाद: दादा, मी नर्स आहे. लोहानं शी काळी होतेच, रक्त जळत नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर झोपताना घ्यायला सांगा. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, गरोदरपणात किमान १८० दिवस घ्यायची. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डॉक्टर दोन देतात, म्हणून आधी तपासा. कॅल्शियम जेवणासोबत, लोहापासून दोन तास लांब. चहा तर गोळीच्या आसपास नकोच, लिंबू पिळलेलं पाणी चालेल. पावडरनं लोहाची कमी भरत नाही.

वाहकाला लोह चालतं. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या अंगात लोह साठतं, तिथं तपासणीशिवाय देत नाहीत. पण नवऱ्याची तपासणी झाली का? तोही वाहक असेल तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे आधी करा.

निघण्यापूर्वी उरलेल्या सगळ्या गोळ्या एकदम मागून घ्या, 'स्थलांतर आहे' असं स्पष्ट सांगून. माता-बाल कार्ड सोबत ठेवा, गुजरातेत ममता दिवसाला (गरोदर बाया-बाळांच्या तपासणीचा ठरलेला दिवस) गावात नर्स येते, तिला ते दाखवा.

धागाकर्ता: आभार सिस्टर. नवऱ्याची तपासणी झालेली नाही, या आठवड्यात नेतो. सासूला फोनवर तुम्हीच दोन शब्द सांगाल का? माझं कोण ऐकतंय तिथं!