बायोप्सीची घाई नको
भाच्याच्या गुडघ्याजवळ गाठ आहे, काय करावं, असं इथे एकाने विचारलंय; त्याला कुणीतरी दिलेला ‘बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) मिरजेतच उरकून मग मुंबईला न्या’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. ऑस्टिओसार्कोमा किंवा युइंग सार्कोमा या हाडांच्या कॅन्सरची शंका असेल, तर पुढची शस्त्रक्रिया जिथे होणार तिथल्याच डॉक्टरांनी बायोप्सी घ्यावी. छेद चुकीच्या जागी गेला तर पेशी आजूबाजूला पसरू शकतात आणि वाचू शकणारा पाय धोक्यात येतो. एक्स-रे, एमआरआय इथे करा, पण सीडी घेऊन थेट मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये दाखवा. मुलगा वयात आलाय आणि केमोमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, त्यामुळे केमोआधी वीर्य साठवण्याबद्दल नक्की विचारा. घरचे संकोचतात आणि ते राहूनच जातं. केमोचे पुढचे काही डोस सांगली-मिरजेत घेता येतील का, हेही तिथेच विचारून घ्या.